इंदुरात दुपार बाराला होत नाही

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे पाचवीच्या मुलांना पाठ असतं. इंदुरात ते दोन्ही बाजूंनी चुकतं, आणि विणकामाच्या एका सुईने मुलांना हे स्वतः शोधता येतं. डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा त्यासाठी उत्तम.

प्लायवुडच्या फळीवर अख्खा चार्ट पेपर चिकटवा. फळीवर गोटी ठेवा. घरंगळली तर खाली कागदाच्या घड्या सरकवा. कागदाच्या दक्षिणेकडच्या लांब काठाशी, मधोमध सुईची जागा ठरवा. तिथे आधी खिळा धरून दोऱ्याने ३७ सेंमी त्रिज्येचा कंस काढा. सुई रोवल्यावर काढायला गेलात तर दोरा तिला ओढतो. मग सुई उभी करून टोकाला १ सेंमीचा मणी बसवा, मण्याचा मध्य कागदापासून ३० सेंमीवर. कंपासपेटीतला गुण्या दोन बाजूंनी लावून बघाच. सुई पूर्वेला किंवा पश्चिमेला एक अंश जरी कलली, तरी उत्तर जवळपास २ मिनिटांनी हुकतं.

मणी कशाला? सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे नुसत्या सुईच्या सावलीचं टोक जवळजवळ अर्धा सेंमी पुसट होतं आणि प्रत्येक मूल वेगळीकडे खूण करतं. मण्याची सावली मात्र गडद ठिपक्यासारखी पडते, तिचा मध्य सहज सापडतो.

‘सगळ्यांत आखूड सावली शोधा’ असं नेहमी सांगितलं जातं. इथे ते फसतं, कारण मध्यान्हाच्या आधीच्या १५ मिनिटांत ही सावली जेमतेम दीड मिलिमीटर आक्रसते. अकराच्या सुमाराला मात्र ती दर मिनिटाला तेवढी बदलते. म्हणून सावली कंसाला दोनदा शिवते त्या वेळा टिपायच्या: सकाळी साधारण १०:५५, दुपारी १:५५. खरं मध्यान्ह या दोन वेळांच्या बरोबर मधोमध येतं. मधले ३ तास, त्यांचा निम्मा दीड. १०:५५ मध्ये १:३० मिळवताना बरीच मुलं ११:८५ लिहितात. लगेच खोडू नका. ८५ मिनिटांतून एक तास त्यांनाच काढू द्या. १२:२५!

ही २५ मिनिटं कुठून आली? आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, इंदूर ७५.९ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साडेसव्वीस; २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य घड्याळाच्या दीडेक मिनिट पुढे असतो, ते वजा. त्याच दिवशी नागपूरच्या मुलांना १२:१२ मिळेल.

आता १२:२५ ची सावली मोजा: सुमारे ३१ सेंमी, सुईपेक्षाही लांब. डोक्यावरचा सूर्य कुठला! २१ मार्चला हीच सावली साडेबारा सेंमी भरेल. कर्कवृत्त उज्जैनच्याही थोडं उत्तरेला, म्हणून इंदुरात सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. जूनमध्ये शाळा बंद, जुलैत ढग. सहल उज्जैनला गेली तर वेधशाळेतलं शंकुयंत्र, म्हणजे मधोमध उभा शंकू असलेला गोल ओटा, जरूर दाखवा. त्याच्या ओट्यावर कोरलेल्या सात रेषांवर सावलीचं हेच वर्षभराचं सरकणं मांडलेलं आहे.