खाऱ्या वाऱ्यात फुलणारी कोयनेल

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने पुळणीलगतच्या बागेतील वाळूत ओल टिकत नाही आणि खारा वारा पानांवर मिठाचे कण सोडून जातो. हे मीठ पेशींतील पाणी ओढून घेत असल्याने नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात. अशा जागी परदेशी शोभेची झाडे आणून त्यांना रोज पाणी घालत बसण्यापेक्षा कोयनेल लावणे केव्हाही शहाणपणाचे.

उद्यानांतील चौकोनी कापलेले हिरवे कुंपण म्हणून हे सदाहरित झुडूप सर्वांच्या ओळखीचे आहे. मात्र ‘व्होल्कामेरिया इनर्मिस’ या शास्त्रीय नावाची ही वनस्पती मुळात आपल्याच खाड्यांच्या काठची, खारफुटीच्या मागे आणि खाजणांच्या (भरतीचे खारे पाणी येणाऱ्या सखल जमिनींच्या) बांधांवर आपोआप वाढणारी आहे, आणि तिला फुले येतात हेच अनेकांना ठाऊक नसते. कळ्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांकडे, पानांच्या बगलेत धरतात आणि वारंवार फिरणारी कात्री नेमकी तीच टोके उडवते.

मोकळ्या वाढलेल्या झुडपावर बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांत पांढरी, सुगंधी फुले येतात. फुलाच्या दोन-तीन सेंटीमीटर लांब नळीतून चार जांभळट पुंकेसर (पराग धरणारे नर तंतू) मिशांसारखे बाहेर डोकावतात. सुरुवातीला पुंकेसर पुढे असतात आणि कुक्षिवृंत (टोकाशी पराग स्वीकारणारा मादी दांडा) बाजूला वाकलेला असतो. पराग मोकळे झाल्यावर पुंकेसर वळून मागे पडतात आणि कुक्षिवृंत त्यांची जागा घेतो. फुलाचे स्वतःच्याच परागाने फलन होणे यामुळे बरेचसे टळते.

लागवड सोपी आहे. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब फांद्या कापून, निदान दोन पेरे मातीत जातील अशा लावाव्यात. निव्वळ वाळू असेल तर खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळावे. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळा पसरून आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. पुढे मुळे खोल गेली की पाण्याची फारशी गरज उरत नाही. पाने कडू असल्याने शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. छाटणी वर्षातून एकदाच आणि तीही एका वेळी एकाच बाजूची करावी, म्हणजे दुसऱ्या बाजूचा बहर वाचतो. फांद्या ऐसपैस पसरतात, त्यामुळे पायवाटेपासून निदान दीड मीटर अंतर सोडलेले बरे.