ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर तुमचा स्वतःचा मेनू : काम देण्याआधी हे वाचा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या कृष्णधवल पडद्याच्या कॅल्क्युलेटरांसाठी आम्ही असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा देणाऱ्या भाषेत, मेनू लिहून देतो. आमच्याकडे येतात ती मुख्यतः आयबी शाळांतली मुलं आणि लॉग टेबलवर वाढलेले त्यांचे पालक, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सात किंवा कमी पर्याय हवे असतील तर आमच्याकडे येऊच नका. कॅल्क्युलेटरच्या बेसिकमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत, ‘मेनू’ ही आज्ञा आहेच. पडद्यावर आठ ओळी, एक शीर्षकाला, उरलेल्या सात तुमच्या. एका ओळीत १६ अक्षरं, त्यातली दोन क्रमांक आणि अपूर्णविरामात (:) जातात. फुकट आहे, पुरतं.

यादी लांब असेल, सरकवायची असेल किंवा निवडलेली ओळ उलट्या रंगात हवी असेल, तर असेम्ब्ली. आमचा प्रोग्रॅम झेड८० प्रोसेसरशी थेट बोलतो : कळ दाबली की तिचा क्रमांक येतो, तो बाणाच्या कळेशी ताडून पट्टी वरखाली सरकते आणि एंटर दाबल्यावर निवडलेला क्रमांक ‘अ‍ॅन्स’मध्ये, म्हणजे शेवटचं उत्तर साठवणाऱ्या जागेत, जातो. पुढची गणितं तुमच्याच बेसिक प्रोग्रॅममध्ये राहतात. सूत्र बदललं तर तुम्हीच बदला, आमचे पैसे द्यायला नकोत.

मराठी अक्षरांबद्दल हमखास विचारणा होते. कॅल्क्युलेटरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही, म्हणून प्रत्येक ओळ चित्र म्हणून काढावी लागते. पडदा ९६ × ६४ ठिपक्यांचा, म्हणजे अख्ख्या पडद्याला ७६८ बाइट. आठ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी आणि उकार गुदमरतात, बारा लागतात. मग एका वेळी पाचच ओळी मावतात आणि प्रत्येक ओळीला १४४ बाइट जागा जाते. दिसतं मात्र सुरेख. ‘क्षेत्रफळ’सारखे जोडाक्षरांचे शब्द आम्ही हातानेच ठिपके मांडून काढतो, त्याचे पैसे वेगळे लागतात.

असेम्ब्ली प्रोग्रॅम चुकला तर कॅल्क्युलेटर त्याला अडवत नाही. ‘रॅम क्लिअर्ड’ दिसतं आणि रॅममधलं, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतलं, सगळं जातं. आर्काइव्हमधलं, म्हणजे कायमच्या साठवणीतलं, वाचतं. म्हणून मेनू टाकण्याआधी बाकीचे प्रोग्रॅम आर्काइव्ह करा. मेनू मात्र रॅममध्येच लागतो, आर्काइव्हमधून तो थेट चालत नाही. त्याची प्रत संगणकावर ठेवा. मेनू उघडा असताना सेकंड-ऑफ दाबू नका, कारण प्रोग्रॅमने व्यापलेली रॅम तशीच अडकून राहते. आधी क्लिअर दाबून बाहेर पडा, मग बंद करा.

रंगीत पडद्याच्या सीई मॉडेलची कामं आम्ही घेत नाही. त्यात ईझेड८० प्रोसेसर आहे आणि २०२० पासून कंपनीने नव्या सिस्टिममध्ये असेम्ब्लीची वाट बंद केली. ती पळवाटांनी उघडता येते, पण मुलाच्या परीक्षेच्या यंत्रावर असले उद्योग नकोत असं आमचं मत.

परीक्षेचं म्हणाल, तर टीआय-८४ प्लस परीक्षा-स्थितीत गेला की त्यातले प्रोग्रॅम वापरता येत नाहीत. मेनू सरावापुरता आहे असंच धरून चाला.

काम देताना मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती (सेकंड, प्लस, मग १ दाबल्यावर दिसते), पर्यायांची यादी हव्या त्या क्रमाने आणि मराठी हवं की इंग्रजी, एवढं लिहून पाठवा.