टीएचा जवान आणि मागे राहिलेली नोकरी

माझा मावसभाऊ दोन ठिकाणी हजेरी लावतो. एक साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात, फिटर म्हणून. दुसरी कोल्हापूरच्या टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मी किंवा प्रादेशिक सेनेच्या, पलटणीत, शिपाई म्हणून. मावशी गावात सांगते, ‘पोरगा मिल्ट्रीत हाय’. सोयरीक जुळवायच्या वेळी सांगितलं, ‘कंपनीत हाय’. दोन्ही खरं.

पलटण एम्बॉडी झाली म्हणजे सगळे जवान पूर्णवेळ ड्युटीवर. तो गेला, काश्मीरमध्ये राहिला आणि मोकळा होऊन परत आला. दोन दिवस घरी काढून तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कारखान्याच्या गेटवर उभा राहिला. हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला, तर मशीनने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. वॉचमन ओळखीचा. तो म्हणाला, ‘अरे, तुझं नाव काढलंय वाटतं. आत विचार.’ आत उत्तर मिळालं की जागेवर दुसरा माणूस घेतलाय, ऑर्डर कमी आहेत, बघू, कळवतो. ‘कळवतो’ या शब्दाला तारीख नसते.

या प्रसंगासाठी आपल्याकडे कायदा आहे आणि तो जुना आहे. तो कुठून आला हे पाहिलं, की त्यात काय आहे आणि काय राहून गेलं, दोन्ही कळतं.

नोकरी सांभाळून शिपाईगिरी करणारा माणूस ही कल्पना इथे ब्रिटिशांनी आणली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंडियन डिफेन्स फोर्स निघाली. १९२० मध्ये तिच्या जागी दोन दलं आली: युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलरी फोर्स, आणि भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. सातारा जिल्ह्याला त्या काळी या अर्धवेळ प्रकरणाशी फारसं देणंघेणं नव्हतं. इथला माणूस पूर्णवेळ पलटणीतच जायचा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाचं नाव अपशिंगे मिलिटरी झालं. त्या शिपायाच्या मागे राहायची ती जमीन, आणि ती भाऊबंद कसायचे. परत आल्यावर बांधावरून डोकी फुटली असतील, पण ‘तुझ्या जागी दुसरा घेतला’ असं जमीन कुणाला म्हणत नाही.

हा प्रश्न उभा राहिला तो पगारी माणसापुढे. आणि साताऱ्याचा पगारी माणूस म्हणजे त्या काळी बहुतेक मुंबईच्या गिरणीत. जिल्ह्यातच कारखानदारी म्हणायची तर किर्लोस्करवाडी, १९१० सालची. तेव्हा ती औंध संस्थानात होती, आता सांगली जिल्ह्यात आहे. एमआयडीसी यायला १९६२ साल उजाडलं. म्हणजे मावसभावाच्या हातात आज जो कायदा आहे, तो झाला तेव्हा त्याच्या कारखान्यासारखा कारखाना इथे जवळपास नव्हताच.

प्रादेशिक सेना कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचं रीतसर उद्घाटन केलं. टीएचा दिवस म्हणून ९ ऑक्टोबर पाळतात तो यामुळे. भरतीची मूळ अट अशी की उमेदवाराचं पोट भरण्याचं साधन आधीच हवं: नोकरी, धंदा, शेती, काहीतरी. टीए हा पोटापाण्याचा उद्योग धरलेलाच नाही. वर्षातून ठरावीक दिवस कॅम्प, गरज पडली की बोलावणं, आणि गरज संपली की आपापल्या कामावर परत. आता ज्या सेनेची अटच ‘आधी नोकरी हवी’ अशी, तिने ती नोकरी टिकवायची हमी दिली नाही तर सगळी रचनाच कोसळते. म्हणून कायद्यात मागाहून कलम ७-अ आणि ७-ब घातली गेली.

७-अ बारकाईने वाचण्यासारखं आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेला कामगार परत आला की त्याला पुन्हा कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य. तेही कसं? मध्ये खंड पडला नसता तर त्याला ज्या अटी लागू असत्या, त्याहून कमी नाही अशा अटींवर. हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण यात नुसती जुनी जागा नाही, मधल्या काळात मिळाली असती ती वाढही येते. मालकाने नकार दिला किंवा ‘जमत नाही’ म्हटलं, तर दोघांपैकी कुणीही नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तो तीनपैकी एक हुकूम देऊ शकतो: मालकाला सूट, योग्य वाटतील त्या अटींवर परत घेण्याचा आदेश, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई. हुकूम मोडला तर दंड, एक हजार रुपयांपर्यंत. आज हजारात सेफ्टी शूजचा बरा जोडही येत नाही. दंड झाला तर कोर्ट सहा महिन्यांचा पगारही द्यायला लावतं, एवढाच काय तो दणका.

कलम लिहिणाऱ्याला मालक लोकांची नाडी मात्र बरोबर सापडली होती. बोलावणं आल्याचं कळताच माणसाला आधीच काढून टाकायचं, म्हणजे परत घ्यायचा प्रश्नच नको, ही युक्ती त्याने ओळखली होती. असं काढलं तरी जबाबदारी सुटत नाही. आणि बोलावण्याचा हुकूम निघाल्यानंतर काढलं असेल, तर जबाबदारी चुकवण्याचाच इरादा होता असं धरून चालायचं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. जवानावरही एक अट आहे. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याने मालकाकडे अर्ज केला पाहिजे. केला नाही हे मालकाने दाखवून दिलं, की मालक सुटला. ७-ब मध्ये भविष्यनिर्वाह निधी आणि तत्सम योजनांतले हक्क राखलेले आहेत.

ही कल्पना आपली एकट्याची नव्हती. अमेरिकेने १९४० साली सक्तीच्या भरतीचा कायदा केला तेव्हाच परतणाऱ्याला जुनी नोकरी देण्याचं कलम त्यात घातलं. ब्रिटनने १९४४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. अमेरिकेत १९४६ साली ब्रुकलिनच्या गोदीतल्या फिशगोल्ड नावाच्या वेल्डरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सैन्यातून परतल्यावर काम कमी म्हणून त्याला नऊ दिवस बसवून ठेवलं होतं आणि सेवाज्येष्ठ बिगरसैनिकांना काम दिलं होतं. न्यायालयाने सरकत्या जिन्याची उपमा दिली: माणूस ज्या पायरीवर उतरला तिथे परत चढत नाही, उतरलाच नसता तर जिथे पोचला असता, तिथे चढतो. आपल्या ७-अ मधल्या ‘खंड पडला नसता तर’ या शब्दांचा अर्थ तोच. गंमत म्हणजे फिशगोल्ड स्वतः खटला हरला. जिन्यावर चढवतो, पण इतरांच्या पुढे नेऊन उभं करत नाही, असं न्यायालय म्हणालं.

इथवर दोन्ही देशांची वाट जवळपास सारखी. पुढे ती फुटली.

व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, १९७३ मध्ये, अमेरिकेने सक्तीची भरती थांबवली. आता सगळी मदार राजीखुशीने येणाऱ्यांवर आणि राखीव दलांवर. या दलांतली माणसं महिन्याचा एक शनिवार-रविवार आणि वर्षाचे दोन आठवडे सरावाला जाणारी, बाकी दिवस कुठेतरी नोकरी करणारी. ती टिकवायची तर मालक राजी हवा. म्हणून भरती बंद होण्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, संरक्षण खात्याने मालकांचा पाठिंबा मिळवण्यासाठी एक राष्ट्रीय समिती काढली. ईएसजीआर या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिचं आज सगळ्यात उपयोगी काम म्हणजे मध्यस्थी. वाद झाला की समितीचा स्वयंसेवक मध्यस्थ दोन्ही बाजूंना फोन करतो, कायदा काय म्हणतो ते सांगतो, तोडगा शोधतो. फी नाही, आणि हुकूम द्यायचा अधिकारही नाही. जमलं नाही तर प्रकरण कामगार खात्याकडे जातं आणि तिथून कोर्टाची वाट आहे. १९९४ मध्ये या सगळ्या तरतुदी नव्याने बांधून यूसेरा नावाचा कायदा झाला. एकच कामगार असलेल्या मालकालाही तो लागू होतो, आणि एका मालकाकडची नोकरी साधारणपणे एकूण पाच वर्षांच्या लष्करी सेवेपर्यंत राखून ठेवतो.

मला यात शिकण्यासारखी वाटते ती मधली पायरी. बहुतेक मालक दुष्ट नसतो. त्याला कायदा माहीत नसतो आणि त्याची अडचण खरी असते. वीस माणसांच्या कारखान्यात एक फिटर दोन वर्षं गेला तर यंत्र बंद ठेवून चालत नाही. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी कलम दाखवलं की दोघांचंही तोंड वाकडं होतं. आपल्या ७-अ मध्ये प्राधिकारी आहे, हुकूम आहे, दंड आहे, पण हुकमाच्या आधी दोघांना समोरासमोर बसवणारा माणूस नाही.

अगदीच नाही असंही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकारी होता, आणि १९६५ मध्ये त्यात २-अ कलम आल्यापासून एकट्या कामगाराला काढल्याचा वादही औद्योगिक वाद धरला जाऊ लागला. आता हे सगळं औद्योगिक संबंध संहितेत गेलं आहे. पण ही वाट सगळ्या कामगारांची, बोनस आणि ग्रॅच्युइटीच्या फायलींच्या ढिगातून जाणारी. पलटणीची भाषा समजणारा मध्यस्थ तिथे भेटेलच असं नाही.

आपल्याकडे ही उणीव इतकी वर्षं बोचली नाही, याचं एक कारण मला टीएच्या जडणघडणीत दिसतं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही वेळी टीएला बोलावणं आलं. कराडचे यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले तो हाच काळ. पण टीएचा एक मोठा भाग खातेनिहाय उभा राहिला: रेल्वे, पुढे तेल कंपन्या. तिथे मालक सरकारच, त्यामुळे जवान परत आल्यावर जागेचा वाद कसला? वाद झाला तो उलट्या बाजूने. १९७४ च्या रेल्वे संपात रेल्वेच्या टीए तुकड्या एम्बॉडी करून गाड्या चालवण्याच्या कामी लावल्या गेल्या. म्हणजे तोच माणूस कालपर्यंत कामगार आणि आज गणवेशातला, संपावर जाण्याचा प्रश्नच मिटला. मिरज जंक्शनच्या भागात याचा अर्थ कुणाला उलगडून सांगावा लागू नये.

सरकारी नोकर, शिक्षक, महामंडळाचा कर्मचारी यांचं बरंचसं नियमांनी भागतं. राहतो तो खासगी कारखान्यातला, कंत्राटावरचा, दुकानातला माणूस. आणि त्याचं बोलावणं आता वाढणार आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने १९४८ च्या नियमांतल्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरीही दिली. साताऱ्यात ही बातमी अभिमानाने फॉरवर्ड झाली. त्या जवानांच्या मालकांचं काय, हे आमच्या ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मावसभावाचं प्रकरण शेवटी कलमाने सुटलं नाही, पण कलमावाचूनही सुटलं नसतं. गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. मावशीने त्यांच्या कानावर घातलं. नानांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मोकळा झाल्याला किती दिवस झाले?’ एकोणचाळीस. ‘मग अजून वेळ हाय. तोंडी बोललास का लेखी?’ तोंडी. नाना त्याच्यावर चिडले ते बघण्यासारखं होतं. ‘पलटणीत इतकी वर्षं काढली आन कागद करायला शिकला न्हाईस?’

अर्ज मी लिहिला. पानभरच: अमुक तारखेला बोलावणं, अमुक तारखेला मोकळा, कलम ७-अ प्रमाणे कामावर रुजू करून घ्यावं ही विनंती. सोबत पलटणीच्या दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स. नाना धुतलेला पांढरा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन त्याच्याबरोबर कारखान्यात गेले. मालक स्वतः भेटला. नानांनी कायद्याचं नाव काढलं नाही. चहा होईपर्यंत त्यांनी मालकालाच बोलू दिलं. ऑर्डर खरंच कमी होत्या. नवा फिटर शिकाऊ होता आणि रात्रपाळीला कुणी टिकत नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, ‘मी रात्रपाळी करतो, साहेब.’ पगार मधल्या वाढीसकट द्यायला मालक लगेच तयार झाला नाही. ते दिवाळीनंतर बघू असं ठरलं, आणि ते अजून बघायचंच आहे.

उठताना नानांनी फोल्डरमधून अर्जाची दुसरी प्रत काढली आणि ऑफिसातल्या मुलीपुढे ठेवली. ‘ताई, ह्याच्यावर तेवढी पोहोच द्या.’ तिने मालकाकडे पाहिलं, मालकाने मान हलवली, आणि तिने आवकचा शिक्का मारून खाली तारीख घातली. मोकळा झाल्यापासूनचा तो एकेचाळिसावा दिवस होता.