नॉन-क्रिमीलेअर हातात असूनही केंद्राचा अर्ज का बाद होतो?

राज्याचे नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी कुटुंब प्रगत (क्रिमीलेअर) गटात मोडत नसल्याचा दाखला, केंद्राच्या भरतीत चालत नाही. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मागासवर्गांच्या याद्या दोन, एक केंद्राची आणि एक राज्याची. २०१८ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्याला स्वतःची यादी करता येते का, असा वाद उभा राहिला. २०२१ च्या १०५व्या दुरुस्तीने तो अधिकार राज्यांकडे राहिला. दाखले मात्र दोन्ही सरकारांसाठी इथलेच महसूल कार्यालय देते, म्हणून गल्लत होते.

आधी केंद्राच्या यादीत महाराष्ट्राखाली आपली जात शोधा. धनगर राज्यात भटक्या जमाती क, वंजारी ड; केंद्रात दोघेही ओबीसी. मराठा समाजाचे २०२४ च्या कायद्याचे १० टक्के आरक्षण राज्यापुरतेच आहे. केंद्राकडे ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) अटी बसत असतील तर तो दाखला काढावा. कुणबी नोंद असलेले केंद्रातही ओबीसी.

जातीचा दाखलाच नसेल, तर गाडी अडते १३ ऑक्टोबर १९६७ वर. ओबीसींना त्याआधीचा महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची (गाव नमुना १४ ची), नक्कल मागा. चुलत आजोबांची नोंदही चालू शकते, पण वंशावळ जुळली पाहिजे.

उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. आईवडील सरकारी नोकरीत असतील तर केंद्राच्या नियमात त्यांचे पद आधी पाहतात. उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न त्यात मिळवायचे नसते. तरीही सगळी बेरीज करून अर्ज फेटाळले जातात. विवाहित मुलींकडे नवऱ्याचे उत्पन्न मागितले जाते तेही चूक. क्रिमीलेअर आईवडिलांवरून ठरते. फेटाळल्याचे कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

बाकी सोपे आहे: आपले सरकार किंवा सेतूवर अर्ज करताना केंद्राचा नमुना निवडा.

राज्याच्या दाखल्यावर मुदत म्हणून पुढच्या वर्षाचा ३१ मार्च दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. केंद्राच्या जाहिरातीत दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा आणि कोणत्या तारखेच्या आत निघालेला हवा, हे दोन्ही दिलेले असते. दुसरी तारीख बहुतेकदा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असते, मुलाखतीची नव्हे.