गावाकडच्या कार्यालय संकुलासाठी ‘स्वगृह’ हरित मानांकन: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

विदर्भात तालुक्याच्या गावी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा पतसंस्थेचं नवं कार्यालय उभं राहायचं ठरलं की नकाशात तीन गोष्टी हमखास असतात: पश्चिमेला काच, समोर लॉन आणि कुंपणभर दिवे. हरित मानांकन, म्हणजे इमारत पर्यावरणाला जपणारी असल्याचा दाखला, हवं असेल तर या तिन्हींवर आधी फुली मारा, मगच अर्जाला हात घाला.

‘गृह’ ही मानांकन पद्धत टेरी ही ऊर्जेवर संशोधन करणारी संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून आणली. ती मोठ्या इमारतींसाठी आहे. बांधकाम क्षेत्र २५०० चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर तिचंच छोटं रूप, ‘स्वगृह’, घ्यायचं. गावाकडची बहुतेक संकुलं यातच बसतात. १४ निकष, ५० गुण. २५ गुणांना एक तारा, ४५ पासून पाच. मानांकन ऐच्छिक आहे आणि ते बांधकाम परवानगीची जागा घेत नाही. जमिनीचे कागद आणि मंजूर नकाशा वेगळे लागतातच.

नोंदणी गृह कौन्सिलच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. ती पाया खणण्याआधी करा, कारण इमारतीची दिशा, खिडक्या आणि जागेवरची झाडं यांचे गुण नंतर कमावता येत नाहीत. शुल्काचा चालू दर नोंदणीच्या वेळीच बघा.

कागदपत्रांत झाडांचा नकाशा सगळ्यात जास्त वेळ खातो. जागेवर आज कोणती झाडं आहेत, कोणती राहणार, नवी कोणती लावणार आणि फरसबंदी किती, हे सगळं मोजमापासह दाखवावं लागतं. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, अंजन, तिवस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्याच सातबाऱ्यातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. त्यापेक्षा झाड वाचवून भिंत सरकवलेली बरी. परवानगीची धावपळ टळते आणि गुणही मिळतात.

नवी झाडं इथल्याच मातीतली लावा. पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज. बहावा दिसायला देखणा, पण फुलतो तेव्हा पानं जवळपास गळलेली असतात. ऐन मे महिन्यात भिंतीला सावली हवी असताना तो उपयोगाचा नाही. त्याला फाटकापाशी जागा द्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर लॉनचा विचारच नको, तिथलं बोअरचं पाणी खारट. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.

प्रकाशयोजनेसाठी खोलीनिहाय तक्ता लागतो: खोलीचं क्षेत्रफळ, दिव्यांची संख्या, प्रत्येकाचे वॅट. अंदाजासाठी २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा कार्यालयांचा आकडा धरा, चौरस मीटरला ९.५ वॅट. म्हणजे १००० चौरस मीटरला साडेनऊ किलोवॅट. एलईडी असतील तर याच्या बरंच खाली राहता येतं. संहिता मोठ्या वीजभाराच्या इमारतींनाच लागू होते, तरी मोजपट्टी म्हणून चांगली. सोबत खिडक्यांची यादी आणि छज्जांची मापं द्यावीत, कारण दिवसा दिवा लावावा लागू नये हाच खरा निकष. आवारातले दिवे खाली तोंड करून, कमी उंचीचे असू द्या. मेळघाट किंवा ताडोब्याच्या कडेला असाल तर रात्री इमारतीच्या भिंती उजळवू नका. तिथं अंधार जनावरांच्या वाट्याचा आहे.

याशिवाय पावसाचं पाणी साठवण्याचा आराखडा, नळ-शौचालयांचा तपशील, विटा-सिमेंटची बिलं आणि काम सुरू असतानाचे फोटो जपून ठेवा. काम झाल्यावर जागेची पाहणी होते आणि कागदावरचं झाड जमिनीवर आहे का ते बघितलं जातं.

छपरावर सोलर बसवणार असाल तर एक गैरसमज आधीच दूर करा. पीएम सूर्यघरची ७८ हजारांपर्यंतची सबसिडी घरांसाठी आहे, कार्यालयाला मिळत नाही. नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करणं, मात्र मिळतं. अर्ज महावितरणकडे, चालू वीजबिल आणि मंजूर भारासह. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणीची अट नाही. त्यावरच्या अर्जाची तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी, म्हणून पोचपावतीवर तारीख टाकून घ्या.