सिझेरियननंतरचे बाळंतपण (गोवा)

सिझेरियननंतरचे बाळंतपण : पोट व गर्भाशय छेदून झालेल्या प्रसूतीनंतर आईचे शरीर सावरण्याचा साधारण सहा ते आठ आठवड्यांचा काळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गोव्यातील ३९.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. देशाचे प्रमाण २१.५ टक्के. म्हणजे इथे दर पाच बाळंतिणींत दोघी सिझरच्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत चालत आलेली बाळंतपणाची रीत मात्र साध्या प्रसूतीसाठी बसलेली आहे. ती सिझरच्या बाळंतिणीला जशीच्या तशी लावली की बिघडते.

ओटीपोटावर दिसतो तो १० ते १५ सेंमी.चा आडवा छेद. त्याच्या आत चरबी, स्नायूंवरचे पांढरे चिवट आवरण, पोटाचे अस्तर आणि गर्भाशय असे थर कापलेले असतात. स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. कातडी आठवडाभरात जुळते. चिवट आवरणाला मूळचे बळ येण्यास महिने लागतात. ‘टाके सुकले’ याचा अर्थ फक्त कातडी सुकली. सहा आठवडे बाळाच्या वजनाहून जड काही उचलू नये ते यासाठी. विहिरीची कळशी, पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर ही कामे घरातल्या इतरांची.

लघवीची नळी बहुधा १२ ते २४ तासांत काढतात आणि त्याच सुमारास बाळंतिणीला उभे करतात. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अंथरुणातही पाऊल वर-खाली हलवत राहावे. उठताना सरळ उठून बसू नये. आधी गुडघे वाकवावेत, खांदे व कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपर-तळहाताच्या जोरावर बसावे. खोकला, शिंक किंवा हसू आले तर छेदावर उशी घट्ट दाबून धरावी. दुखण्याच्या गोळ्या पहिले काही दिवस सांगितलेल्या वेळेलाच घ्याव्यात. दुखणे अंगावर काढणारी बाई चालत नाही, खोल श्वास घेत नाही, तिला पाजायला नीट बसताही येत नाही. पॅरासिटॅमॉल व आयब्युप्रोफेन या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला सहसा चालतात.

सरकारी इस्पितळांत, म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आणि म्हापसा व मडगावची जिल्हा इस्पितळे यांत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) सिझेरियन, औषधे, ७ दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी पोहोचवणारे वाहन मोफत आहे.

घरी आल्यावर सर्वांत जपायचे ते शेक घ्यायच्या शेगडीला आणि आंघोळीच्या भाणातल्या (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातल्या) कढत पाण्याला. छेदाच्या वरची कातडी कित्येक महिने बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. पाठ, पाय, खांदे यांना मालीश जरूर करावे, पोटाला नाही. आंघोळ साध्या कोमट पाण्याने. साबणाचे पाणी जखमेवरून वाहू द्यावे, चोळू नये. मऊ कापडाने टिपून कोरडे करावे. हळद, तेल, राख, पावडर काही लावू नये. पावसाळ्यात इथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि पोटाची घडी जखमेवर पडून ओल धरते. तेव्हा आतले कपडे इस्त्री करूनच घालावेत, इलॅस्टिक जखमेच्या वर येईल असे निवडावेत आणि घडीत स्वच्छ सुती कापडाची पट्टी ठेवून ती ओली झाली की बदलावी. पोटपट्टा उभे राहताना आधार देतो, पण पोट आत घेत नाही. श्वास कोंडेल इतका आवळू नये.

आहाराची जुनी रीत बरीचशी चांगली आहे. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचे तिझण, आळिवाची खीर, मुगाचे कढण यांना अडचण नाही. चुकते ते पाणी तोडण्यात. पाणी कमी, त्यात लोहाच्या गोळ्या, म्हणजे बद्धकोष्ठ. आणि कुंथण्याचा सगळा ताण टाक्यांवर. पाजणाऱ्या आईला रोज अडीच-तीन लिटर द्रवपदार्थ जायला हवेत. दूध वाढावे म्हणून मोरी (शार्क मासा) देतात, पण ती शिकारी मासळी असल्याने तिच्यात पारा साठतो; त्यापेक्षा तारले, बांगडा, मुडदुशी बरी. लोह ६० मिग्रॅ. व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिग्रॅ. दोनदा, सहा महिने. दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीवर लगेच चहाही नको.

सिझरनंतर दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तेवढ्यावरून पावडरच्या दुधाकडे वळण्याची घाई होते. कुशीवर निजून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजले तर पोटावर भार येत नाही.

ताप ३८ अंश सेल्सिअसवर जाणे, जखम लाल होणे वा पू येणे, अंगावरून जाण्याला दुर्गंधी येणे, तासाभरात पॅड भिजणे, एकाच पोटरीला सूज व दुखणे, धाप लागणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर ‘बाधा झाली’ म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा. रडू येणे, चिडचिड हे पहिल्या दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे राहिले तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

स्कूटर चार ते सहा आठवडे बंद. कचकन ब्रेक मारताना पोटात कळ येत नसेल तेव्हाच सुरू करावी. पुढचे गरोदरपण निदान १८ ते २४ महिने लांबवावे, कारण लवकर दिवस राहिल्यास गर्भाशयाचा जुना व्रण प्रसूतीच्या वेळी फाटण्याचा धोका वाढतो. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलेले असते. पुढच्या वेळी साधी प्रसूती करून पाहायची की नाही, हे डॉक्टर मुख्यतः त्यावरून ठरवतात, तेव्हा तो कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबतच ठेवावा.