थिमेट (फोरेट) : खानदेशातील वापर, विषबाधा व हाताळणी

थिमेट : फोरेट या ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील अतिजहाल कीडनाशकाचे रूढ नाव. अमेरिकन सायनामिड कंपनीने ते १९५४ च्या सुमारास प्रचारात आणले. ‘थिमेट’ हे मूळचे व्यापारी नाव. पुढे कोणत्याही कंपनीचे फोरेट जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय आदेशानुसार भारतात त्याचे उत्पादन व आयात १ जानेवारी २०१९ पासून आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. २०१९ मध्येच रॉटरडॅम कराराच्या (घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार) तिसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. बंदीपूर्वीचा उरलेला पुडा घरात असेल, तर धोका मात्र आजही तेवढाच आहे.

खानदेशात ते मुख्यतः १० टक्के दाणेदार स्वरूपात वापरले जाई : रावेर-यावलच्या केळीत सोंडकीड, सूत्रकृमी व पर्णगुच्छ रोग पसरवणारा मावा यांसाठी, कापसात पेरणीवेळी रसशोषक किडींसाठी, तर भुईमुगात हुमणीसाठी.

विषारीपणा : उंदरांवरील चाचण्यांत तोंडावाटे निम्मे प्राणी दगावण्याची मात्रा (एलडी-५०) मादीत दर किलो वजनास सुमारे १.६, तर नरात ३.७ मिलिग्रॅम आढळली. कातडीवाटे हेच आकडे सुमारे २.५ व ६.२ आहेत. म्हणजे पोटातून जाणारे आणि कातडीतून जाणारे विष यांत फारसे अंतर नाही, आणि या रसायनाबाबत सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी हीच गोष्ट आहे. भारतीय नियमांत तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅम मात्रेची सर्व औषधे पुड्यावरील एकाच लाल त्रिकोणात येतात. त्यामुळे मोनोक्रोटोफॉस हे दुसरे कीडनाशक (एलडी-५० सुमारे १४) आणि फोरेट दुकानाच्या फळीवर सारखेच दिसत. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण मोनोक्रोटोफॉसला ‘१-ब’ आणि फोरेटला ‘१-अ’ या सर्वांत वरच्या वर्गात ठेवते. हाताळणाऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे वर्गीकरण अधिक उपयोगी म्हणावे लागेल.

दाणेदार औषध अंगावर उडत नाही, म्हणून ते फवारणीपेक्षा निर्धोक, ही समजूत घातक ठरली. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीच्या) लागवडीत बाई घमेल्यातल्या खतात थिमेट कालवी, ते ओच्यात घेई आणि कंदाकंदापाशी वाकून चिमटीने सोडी. घामाने भिजलेल्या लुगड्यातून ते तासन्‌तास पोटाच्या कातडीला लागून राही. जूनच्या आरंभी खानदेशात उन्हाचा ताव ओसरलेला नसतो. घाम व तापलेली कातडी यांमुळे शोषण वाढते. संध्याकाळी डोके दुखून उलटी झाली की घरचे ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हे पाजत. ऊन लागण्यात तोंडाला लाळ सुटत नाही आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत. हा फरक कंदिलाच्या उजेडातही दिसतो.

शरीरात फोरेटचे ऑक्सिडीकरण होऊन अधिक प्रभावी संयुगे बनतात. ती ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बांधून टाकतात. परिणामी ते विकर एरवी मोडून टाकते ते ॲसिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूंचे संदेश पोचवणारे रसायन, साचते : घाम, लाळ, पोटात कळा, स्नायूंची फडफड, मंद नाडी, छातीत घरघर आणि अखेर श्वास बंद. पहिली लक्षणे ओसरल्यावर १ ते ४ दिवसांत मानेचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. उशीवरून मान उचलता येईनाशी होणे ही त्याची पहिली खूण. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी नेऊ नये.

उपचार : साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणाऱ्या ॲट्रोपिनबद्दल दुमत नाही. छाती स्वच्छ होऊन काखा कोरड्या पडेपर्यंत मात्रा वाढवत नेतात. बांधलेले विकर मोकळे करणाऱ्या प्रॅलिडॉक्झिमबद्दल (पाम) मात्र मतभेद आहेत. बारामती येथील २०० रुग्णांच्या चाचणीत (२००६) सुरुवातीच्या मोठ्या मात्रेनंतर ४८ तास सलग पाम दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, तर ठरावीक अंतराने कमी मात्रा दिलेल्या गटात ८ टक्के आढळले. श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या चाचणीत (२००९) उलट पाम दिलेल्या गटातच मृत्यू अधिक, सुमारे २५ विरुद्ध १६ टक्के होते. बारामतीचे रुग्ण मध्यम बाधेचे, लवकर पोचलेले व अतिदक्षता विभागातले होते, हे तुलनेत विसरू नये. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांचे डायमिथिल व डायएथिल असे दोन मुख्य प्रकार आहेत. डायमिथिल संयुगांनी बांधलेले विकर सुमारे पावणेचार तासांत निम्मे कायमचे निकामी होते, तर डायएथिल संयुगांत त्यास सुमारे ३३ तास लागतात. फोरेट डायएथिल आहे. त्यामुळे त्याच्या बाधेत पामला वाव अधिक असावा, हे मत सयुक्तिक वाटते. तरी ॲट्रोपिन व श्वसनाचा आधार यांची जागा पाम घेऊ शकत नाही. दुसरे दाणेदार औषध कार्बोफ्युरान हे कार्बामेट वर्गातले. त्यात पाम सहसा देत नाहीत. म्हणून रुग्णासोबत पुडा किंवा त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात न्यावी. पुडा पिशवीत घालून, हातमोज्यांनीच धरावा.

प्रथमोपचारात कपडे उतरवून, भरपूर साबण-पाण्याने केस व नखांसकट अंग धुवावे, रुग्णाला डाव्या कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये; ओकारी फुप्फुसात जाते. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. पातळ रबरी मोज्यांतून ही रसायने झिरपतात, नायट्राइलचे चांगले. चामडी वहाण विष शोषून घेते व धुऊन निघत नाही. ती पुन्हा घालू नये.

गोठ्याभोवती थिमेट टाकले की साप येत नाही, या समजाला शास्त्रीय आधार नाही. वासरू, कुत्रे आणि रांगते मूल मात्र तिथेच फिरते. पक्षी ते दाणे किंवा खडे समजून टिपतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये मेलेली पाणपाखरे खाऊन शिकारी पक्षीही मेल्याची नोंद आहे.

मूळ फोरेट जमिनीत लवकर विघटित होते, पण त्याची सल्फॉक्साइड व सल्फोन ही विषारी रूपे बरीच टिकतात. त्यामुळे उरलेला माल पुरणे, जाळणे अथवा तापी, गिरणा, पांझरा यांच्या पात्रात, नाल्यात वा विहिरीलगत टाकणे धोक्याचे आहे. तो मूळ पुड्यातच, धान्य व चाऱ्यापासून दूर कुलपात ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. दुसऱ्या डब्यात काढू नये.